येऊन राहिला

आमच्या शाळेला दोन फळे होते. एक आत, पोरांसाठी. दुसरा बाहेर, गावासाठी. आतल्या फळ्याला खडू पुरायचा नाही आणि बाहेरचा फळा दर सोमवारी काठोकाठ भरलेला असायचा. त्यावर तीन रकाने: ‘काय झालं’, ‘पोरं कशी हायत’ आणि ‘काय होनार’. खाली सही, मुख्याध्यापक काशिनाथअप्पा. गाव त्यांना अप्पा गुरुजी म्हणायचं.

आता या रकान्यांत असायचं काय? ‘काय झालं: दुसरीच्या बालाजीचा दात पडला. दात सापडला न्हाई. तहकीकात चालू.’ ‘पोरं कशी हायत: तिसरीतली खरूज हटली, पहिलीत गेली.’ ‘काय होनार: शनवारी कवायत. स्नेहसंमेलन लवकरच. पाऊस, इत्तला आलेली न्हाई.’ गुरुजींचं सुरुवातीचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं, त्यामुळे साधा दात पडला तरी चौकशीऐवजी त्याची तहकीकात व्हायची आणि कुठलीही बातमी इत्तला असायची.

मी तिथं रुजू झाले तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. मी मुदखेडची. शिरूर अनंतपाळच्या बाजूला असं गाव आहे हे मला नेमणुकीचा कागद हातात पडेपर्यंत ठाऊक नव्हतं. फाट्यावर एसटीतून उतरले, ट्रंक डोक्यावर घेतली आणि तीन मैल पायपीट करून शाळेत पोचले. पाणी मागितलं. माठात पाणी नव्हतं. मी जरा बोलले. जरा म्हणजे, बरंच बोलले. अर्ध्या तासानं बाहेर येऊन बघते तर फळ्यावर ताजी बातमी: ‘नवीन बाई आल्या. मुदखेडच्या. तब्येत किरकोळ. राग लवकर येतो. पोरांनी जपून ऱ्हावं.’

“पुसा ते!” मी ओरडले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, “बाई, खबर पक्की हाय का कच्ची, एवढंच सांगा. कच्ची असंल तर पुसतो.”

“राग लवकर येतो म्हणजे काय? कुणी सांगितलं तुम्हाला?” माझा आवाज पारापर्यंत गेला असावा, कारण पारावरची दोन म्हातारी माणसं उठून बघायला आली. गुरुजींनी खडू उचलला आणि त्याच ओळीपुढे लिहिलं, ‘तहकीकात झाली. खबर पक्की.’

असा माणूस. गळ्यात लिंग, अंगात कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला सदरा, आणि कपाळावर पांढरं. ते विभूतीचं किती आणि खडूचं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

सकाळी प्रार्थना झाली की पोरांची तपासणी. आधी जीभ, मग नखं, मग पोट. पोट ते बोटानं वाजवून बघायचे, आपण बाजारात कलिंगड बघतो तसं. भरलेलं वाजलं की “जा, बस.” पोकळ वाजलं की मोठ्यानं म्हणायचे, “ह्येची तहकीकात करावी लागंल! जा रे, माज्या खोलीत डबा हाय, त्यात काय हाय ते बघून ये.” पोर शाळेमागच्या खोलीत जायचं, तहकीकात करायचं आणि तोंड पुसत परत यायचं. त्या शाळेत ‘उपाशी’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. पोरंसुद्धा एकमेकांना विचारायची, “आज तुझी तहकीकात झाली का रं?” दुपारी गुरुजींचा डबा रिकामा असायचा. मी माझ्यातली भाकर पुढे केली की म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या बाई, माजी तहकीकात सकाळीच झाली.” खोटारडे! एकटा जीव, स्वतः भाकऱ्या थापायचे, आणि थापायचे पाच माणसांच्या.

दिवाळी झाली आणि वर्ग विरळ व्हायला लागला. विहिरी तळाला गेल्या होत्या, टँकर दिवसाआड यायचा. घरं कुलपं लावून ऊसतोडीला निघाली आणि पोरं त्यांच्याबरोबर. चाळीस पोरांतली एकवीस गेली. त्यात चौथीची मुक्ताही गेली. ही पोरगी तोंडी हिशेबात मला हरवायची. जाताना पाटी माझ्याकडे ठेवून गेली, “बाई, फोडू देऊ नका,” म्हणून.

मी हजेरी घेतली आणि नियमाप्रमाणे गैरहजेरी मांडायला लागले. गुरुजींनी मागून हजेरीपट ओढून घेतला.

“बाई, गैरहजर? कोन गैरहजर?”

“मुक्ता. गेली ना ती ऊसतोडीला.”

“गेली कुठं? येऊन राहिली ती.”

“गुरुजी, ती तिकडं फडात आहे!”

“तुमी मुदखेडच्या न्हवं का? टेसनावर गाडी लेट झाली तर मास्तर काय म्हन्तो? गाडी गैरहजर हाय म्हन्तो? म्हन्तो, येऊन राहिली. थांबा जरा.”

आमच्या मुदखेडला गाड्या चार-चार तास ‘येऊन राहायच्या’ हे खरंच होतं. गुरुजींनी बाहेरच्या फळ्यावर चौथा रकाना आखला, ‘येऊन राहिले’, आणि त्यात एकेक नाव लिहिलं. सगळ्यात वर ‘श्रीशैल’ होतं. या नावाचं पोर मला आठवेना, पण मी नवीन होते आणि चिडलेलीही होते, म्हणून विचारलं नाही. खाली त्यांनी नियम लिहिला: ‘आल्यावर ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या हातानं पुसावं. दुसऱ्यानं पुसू नये.’

चिडायला कारण होतं. कचेरीच्या पाहणीत पोरं दिसली नाहीत तर त्यांची नावं कमी होणार, पट घसरला की शाळा एकशिक्षकी होणार आणि माझी बदली होणार. माझं एक सोडा. नाव एकदा कमी झालं की आईबाप परत घालत नसत. मुलीचं तर नाहीच. मुक्ताची पाटी मी रोज पुसून ठेवायचे.

तेवढ्यात सत्राचा अहवाल मागणारा कागद आला. नवा जिल्हा, नवी कचेरी, नवे साहेब. ‘सत्रातील उपक्रम, विद्यार्थ्यांचे आरोग्य व आगामी कार्यक्रम कळवावेत.’ गुरुजींना आनंद झाला. म्हणाले, “बगा बाई, सरकारला बी आपलाच फळा पायजे.” आणि त्यांनी तो फळा शब्दन् शब्द उतरवून पाठवला. बालाजीच्या दातासकट. शेवटी लिहिलं, ‘एकवीस मुले येऊन राहिली.’

पंधरा दिवसांत उत्तर आलं. साहेब पुण्याकडचे असावेत. ‘आपल्या शाळेत एकवीस मुले येऊन राहिली आहेत असे दिसते. शाळा निवासी नसताना मुलांच्या निवासास परवानगी कोणी दिली? झोपण्याची, जेवणाची व पाण्याची व्यवस्था काय? येत्या गुरुवारी समक्ष पाहणी करण्यात येईल.’

मी हसले, हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. अहो, आमच्याकडे येऊन राहिला म्हणजे वाटेत आहे. पुण्याकडे येऊन राहिला म्हणजे वळकटी टाकून मुक्कामाला आला! मग गुरुवार आठवला आणि हसू जागच्या जागी आटलं. साहेब आले की एकोणीस पोरं मोजणार. खलास.

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, “साहेबाचा हुकूम आला.”

“कसला हुकूम? ते जाब विचारतायत!”

“साहेब म्हन्तात पोरं येऊन राहिली. आता साहेबाला खोटं पाडायचं का? राहिली पायजेत. झोपायला वर्ग हाय. जेवायला गाव हाय. पान्याला टँकर हाय.” मंगळवारी पहाटेच्या एसटीनं ते साखर कारखान्याच्या तळावर निघाले. जाण्यापूर्वी फळ्यावर लिहून गेले: ‘काय होनार: साहेब येनार. पोरं येनार. आधी कोन, इत्तला न्हाई.’

गुरुवार उजाडला. गुरुजींचा पत्ता नाही. दहा वाजता जीप आली. साहेब भले होते, घाम पुसत होते, पण शिक्षकांचा हजेरीपट त्यांनी सगळ्यात आधी मागितला. माझी सही होती. गुरुजींच्या रकान्यात काय लिहू? गैरहजर लिहायला हात उचलेना. मी लिहिलं होतं, ‘येऊन राहिले.’

“म्हणजे मुख्याध्यापकही इथेच राहतात?”

“हो, मागच्या खोलीत. पण आत्ता नाहीत.”

“पण इथे लिहिलंय येऊन राहिले.”

“हाव साहेब, येऊनच राहिलेत ते.”

“मग आहेत कुठे?”

“वाटेत.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, जो माणूस येऊन राहिलाय तो वाटेत कसा असेल?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात हॉर्न वाजला. टँकर! आणि टँकरच्या पाठीवर, शिडीवर, केबिनीत, जागा मिळेल तिथं पोरं. ड्रायव्हरशेजारी अप्पा गुरुजी, धुळीनं पांढरे फटक. आता तर विभूती शोधूनही सापडली नसती. पोरं धडाधड उतरली. मुक्ता कडेवर एक शेंबडं पोर घेऊन उतरली आणि थेट माझ्याकडे आली. “बाई, माझी पाटी?”

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, साहेबांसमोर रडले.

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरांची ओळ लावली. “जीभ दाखव. हां. पोट. पोकळ. पोट. पोकळ. ह्येबी पोकळ.” एकवीस पोटं वाजवून झाली तेव्हा गावातल्या बाया भाकऱ्यांच्या दुरड्या घेऊन आल्याच होत्या. फळा वाचून त्यांनी सकाळपासून तवे तापवले होते.

साहेबांनी मोजलं. “एकवीस म्हणाला होतात. हे बावीस आहेत.”

“ह्यो मुक्ताचा भाऊ. पुढच्या सालचा हाय,” गुरुजी म्हणाले. “आगामी कार्यक्रमात धरा.”

“पण आईबापांनी पोरं सोडली कशी?”

गुरुजींनी खिशातला कागद काढला. “ह्यो वाचून दाखवला. म्हनलं, बघा, जिल्ह्याचा साहेब सवतः इचारून राहिला, पोरांच्या झोपायची, जेवायची, पान्याची यवस्था काय. शिक्का बगितला आन् आया रडायल्या. म्हनल्या, आमच्या पोरांचं एवढं कुनी इचारलं न्हवतं.”

साहेबांनी कागद हातात घेऊन शिक्का पुन्हा पाहिला. स्वतःचाच कागद होता तो. मग भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, नाक पुसलं आणि विचारलं, “गुरुजी, आता मी काय लिहू?”

“डोळ्यानं बगितलं ते लिवा. खबर पक्की पायजे.”

त्यांनी लिहिलं, ‘मुले येऊन राहिली आहेत.’ पुण्याच्या हिशेबानं बरोबर आणि आमच्याही. एकही नाव कमी झालं नाही, आणि पोरं उन्हाळ्यापर्यंत शाळेच्या दोन खोल्यांत राहिली.

साहेबांची जीप गेल्यावर पोरं बाहेरच्या फळ्याशी रांगेत उभी राहिली. ज्यानं त्यानं आपलं नाव शोधायचं, वाचायचं आणि पुसायचं. मुक्तानं तर असं घासून पुसलं की फळ्याचा रंग निघाला. रांग संपली, तरी एक नाव राहिलं. सगळ्यात वरचं.

“गुरुजी, हा श्रीशैल कुठल्या वर्गातला? त्याला आणायचं राहिलं का?”

गुरुजी टँकरच्या पाइपाखाली पोरांच्या कळश्या धरत होते. मान वर न करता म्हणाले, “तो येऊन राहिला.”

शेजारच्या भागीरथीमावशीनं मला हाताला धरून बाजूला नेलं. “गप बस की गं बाई. त्येंचं पोरगं हाय ते. ह्याच साळंत शिकलं. मोठं झालं आन् कायतरी भांडान झालं बापलेकाचं. अप्पा रागाच्या भरात म्हनले, आजपास्नं तुजं नाव कमी! गेलं ते हैद्राबादला. आईच्या मातीला बी आलं न्हाई. तवापास्नं अप्पानं कुनाचं नाव कमी केलं न्हाई बग.”

फळा उघड्यावर. वारा, धूळ, ऊन. खडूचं अक्षर चार दिवस टिकत नाही, म्हणून पोरांची नावं गुरुजी दर सोमवारी नव्यानं गिरवायचे. मग माझ्या लक्षात आलं की हे नाव कधीच पुसट झालेलं मी पाहिलं नव्हतं.

माघात गुरुजींना ताप आला. सोमवार होता. त्यांना खोलीत निजवलं आणि फळा मी लिहायला घेतला. ‘पोरं कशी हायत: ठीक. गुरुजींना ताप. जीभ पाहिली. पोट वाजवलं, पोकळ. भाकर दुधात कुस्करून खायला लावली. बाईंना राग आला.’

खिडकीतून बारीक आवाज आला. “बाई, फळा सगळा पुसून घेतला का?”

“सगळा नाही, गुरुजी,” मी म्हणाले. “ज्यानं त्यानं आपलं पुसायचं असतं.”

मी नवा खडू घेतला, स्टुलावर चढले आणि श्रीशैलचं नाव ठळक गिरवलं.