पणजोबा परत देणे आहे

मेहकरच्या बाजारात भाजीची अडत चालवणाऱ्या महादेवरावांना एकच गोष्ट सोसत नसे. दुसऱ्याने आपल्यापेक्षा मोठं बोलणं! मुलीच्या, पुष्पाच्या साखरपुड्याला खामगावचे व्याही वामनराव जेवता जेवता सहज म्हणाले, "आमच्या पणज्याच्या समाधीवर छत्री हाय शेतात. अजून दिवा लागते तिथं. तुमचं मूळ कोठलं?"

महादेवरावांना आजोबांच्या पलीकडचं कोणी ठाऊक नव्हतं. आजोबा रामजी गणू जानेफळहून वांग्यांची पाटी घेऊन आले आणि इथेच राहिले, एवढाच घराण्याचा इतिहास. तरी छाती फुगवून ते म्हणाले, "आमची तं समाधी हाय! लग्नाआधी दाखवतो!"

"कोणाची?" त्यांच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी आतून विचारलं. ते अजून ठरायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी महादेवराव पूर्वज शोधायला निघाले. आधी एका साप्ताहिकाचे जुने अंक काढून निधनवार्ता वाचल्या. मेलेला प्रत्येक जण दानशूर आणि मनमिळाऊ! अख्ख्या जिल्ह्यात एकही कंजूष माणूस मेलेला नव्हता. आणि महादेवरावांच्या घराण्यातलाही त्यात कोणी नव्हता. मग त्यांनी गावोगावची मसणं पालथी घातली. दिसेल तो दगड धुवायचा आणि अक्षरं शोधायची. एका शिवारात तर एका देखण्या दगडाला त्यांनी भक्तिभावाने शेंदूर फासला. तो निघाला दोन वावरांच्या हद्दीचा! संध्याकाळपर्यंत बायांनी त्याला नारळ फोडले आणि देव कोणाच्या वावरात, यावरून दोन्ही मालकांची जुंपली.

शेवटी जानेफळला कडूबाआबांच्या मळ्यात, निंबाखाली, एक समाधी सापडली. वर पादुका, खाली कोरलेलं नाव 'गणू', म्हणजे आजोबांच्या वडिलांचंच. तालुक्यात दर दुसऱ्या घरी एक गणू होता, पण महादेवरावांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं.

"आबा, हा माहा पणजा!"

कडूबाआबा नव्वदीला टेकलेले. घामाने निथळणाऱ्या या पाहुण्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा तं माहा आजा होय," ते म्हणाले. "म्हणजे तू आमचा भाऊबंद झाला की बे! रुखमा, च्या ठेव!"

महादेवरावांनी पुरणाचा नैवेद्य दाखवला, सगळ्या भावकीला जेवू घातलं आणि वामनरावांना निरोप धाडला. आठवडाभर ते जमिनीवरून चाललेच नाहीत.

आणि घरात हळद दळणं चालू असतानाच जानेफळच्या भावकीतला इंद्रभान एसटीतून उतरला. दारातूनच म्हणाला, "आबा गेले. उद्या दहावं हाय. भावकीतल्या माणसाले यावंच लागते."

गुरुजींनी पंचांग मिटलं. "सुतक! तेरावं होईस्तोवर लग्न नाही. परवाचा मुहूर्त या हंगामातला शेवटचा. आता तुळशीचं लग्न झाल्यावरच!"

पुष्पा रडायला लागली. खामगावचे लोक तोवर थोडेच थांबणार होते!

"पाहून काय राह्यले?" कौशल्याबाई कडाडल्या. "जा, अन् तो पणजा वापस करून या!"

जानेफळला मळ्यातल्या विहिरीपाशी भावकीतले पुरुष रांगेने बसले होते आणि न्हावी एकेकाची डोई करत होता.

"या महादेवराव! तुमचीच वाट पाहून राह्यलो!" चौघांनी त्यांना धरून खाली बसवलं.

"मले एक सांगाचं होतं..."

"मंग सांगा. आधी डोई!"

न्हाव्याने सुरुवातच मिशीपासून केली. ओठावर वस्तरा असताना बोलणार कसं? अर्धी मिशी आणि अर्धं डोकं गेल्यावर त्यांना कंठ फुटला.

"मी तुमचा कोणीच नाई! गणू नाव दिसलं अन् चिकटलो! पोरीचं लग्न हाय उद्या!"

वस्तरा थांबला. बाजूला बायांत बसलेल्या रुखमाबाई, आबांची म्हातारी, पदर सावरत उठल्या.

"बुढ्याले त्याच दिवशी माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माहा सासरा एकुलता एक होता. त्याले भाऊच नोयता, तं तुहा आजा येते कोठून? पण बुढा म्हने, बिचारा एवढ्या उन्हात आपलं माणूस धुंडत आला, त्याले नाई काऊन म्हणू? जाय बाबा, पोरीले हळद लाव. तुले सुतक नाई."

महादेवरावांना भरून आलं. इतकी माया त्यांना सख्ख्या भावकीनेही लावली नव्हती. त्यांनी रुखमाबाईंच्या पायांवर आपलं अर्धं डोकं ठेवलं.

न्हावी खाकरला. "मंग उरलेलं ठेवू का काढू?"

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. महादेवराव टोपी कानांपर्यंत ओढून मिरवत होते. पण व्याहीभेटीला वामनराव फेटा घेऊन पुढे आले आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी टोपी उचलली. खाली तुळतुळीत डोकं!

"व्याही! कोण गेलं तुमच्यात?"

महादेवरावांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कौशल्याबाई पुढे सरसावल्या.

"कोणी नाई गेलं! पोरीले चांगलं घर भेटलं तं बालाजीले डोई देईन, असा नवस होता ह्यायचा."

वामनरावांचे डोळे पाणावले. "वा, व्याही! आम्ही छत्रीचं कौतुक सांगत बसलो, अन् तुम्ही पोरीसाठी डोई देली! याले म्हणतात घराणं!" त्यांनी कडकडून मिठी मारली. मग जवळून तोंड पाहत थबकले. "पण मिशी? मिशी बी नवसातलीच?"

"नाई," कौशल्याबाई म्हणाल्या, "मिशीचा नवस माहा होता. ह्यायनं पूर्वज धुंडणं सोडलं तं वाहीन म्हटलं होतं."