चुका मागणारे मयेकर

लोक वर्गणी मागतात, विरजणाला दही मागतात, लग्नाच्या मुलामुलींच्या पत्रिका मागतात. आमचे मयेकर चुका मागतात. सकाळी हँगरचं ते भलंमोठं दार सरकलं की हे चहाच्या यंत्रापाशी उभे. हातात कप, डोळ्यांत आशा.

"काय रे, आहे का काही आज? छोटीशी असली तरी चालेल. चुकीचा बोल्ट हातात आला आणि मग लक्षात आलं, असं काही? शिडीवरून पाय सटकता सटकता राहिला? द्या की हो! नाव नका सांगू. कोण चुकलं ते नको, काय चुकलं ते सांगा!"

माणसं हसतात, मान हलवतात आणि चहा घेऊन सटकतात.

आमची कंपनी मस्कतच्या विमानतळाला लागून आहे. विमानं आमच्या हँगरमध्ये दुरुस्तीला येतात, महिना-पंधरा दिवस राहतात आणि माहेरपण करून गेल्यासारखी टवटवीत होऊन जातात. मी तिथे स्टोअर्स सांभाळते आणि मयेकर आहेत सेफ्टी मॅनेजर. जवळच सीब गावात एकाच इमारतीत आम्ही राहतो, आमचं बिऱ्हाड वर आणि ते खाली. त्यांची बायको आणि मुलगी पुण्याला. मला गाडीतून न्यायचं-आणायचं कामही तेच करतात, त्यामुळे मयेकर हा विषय माझ्या वाट्याला जाता-येता दोन्ही वेळा येतो.

मूळचे ते मालवणचे, पक्के इंजिनचे माणूस. आयुष्य इंजिनात डोकं घालून गेलं. मग युरोपच्या नियमात बदल झाला. युरोपात नोंदणी असलेल्या विमानाला हात लावायचा तर युरोपची मान्यता लागते, आणि त्यांनी सांगितलं की आता नुसतं विमान नीट दुरुस्त करून भागणार नाही. चूक घडण्याआधी ती कुठे दबा धरून बसली आहे ते शोधायची पद्धत हवी. धोका ओळखा, मोजा, कमी करा. आणि मुख्य म्हणजे, माणसाने आपली चूक आपण होऊन सांगितली पाहिजे आणि सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा होता कामा नये. मुद्दाम केली असेल तर गोष्ट वेगळी. हे काम कोण घेणार, असं विचारल्यावर सगळे इंजिनियर आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मयेकरांनी मात्र हात वर केला, आणि तो आजतागायत खाली आलेला नाही.

कारण हे खूळ हँगरपुरतं राहिलं असतं तर ते मयेकर कसले! प्रत्येक गोष्टीला त्यांचं माप ठरलेलं. घडण्याची शक्यता किती, एक ते पाच. घडलं तर परिणाम किती, एक ते पाच. करा गुणाकार. शुक्रवारी आम्ही बरका गावच्या मासळीबाजारात जातो. तिथे ओल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी मयेकर थबकतात, "समजा, शिल्पाताई, घसरलो तर?" तोवर सुरमईचा शेवटचा चांगला तुकडा दुसराच कुणी घेऊन गेलेला असतो. माझ्या घरी गणपतीला आले की आरतीच्या आधी निरांजनापासून पडद्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजतात. सहलीला वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रात गेलो, की आम्ही पाण्यात आणि हे दगडावर बसून डोंगरापलीकडच्या ढगांकडे टक लावून. एकदा त्यांनी सगळ्यांना अर्ध्या जेवणातून उठवून वर पळवलं. शिव्या देत देत आम्ही चढलो, आणि थोड्या वेळात खालून लालभडक पाणी धो धो करत गेलं, आमच्या चटया आणि बिर्याणीचं पातेलं घेऊन! मयेकरांना आनंद झाला म्हणजे किती? "बघितलंत? शक्यता दोन, परिणाम पाच!" असं म्हणत ते खडकावर अक्षरशः नाचत होते. पातेलं माझं होतं.

पुरणपोळीच्या बाबतीत मात्र त्यांचं गणित सैल पडतं. साखर वाढण्याची शक्यता पाच, हे ते मान्य करतात. परिणामाचा आकडा सांगायच्या आत ताट पुढे करतात.

तर अशा या माणसावर गेल्या वर्षी बाका प्रसंग आला. युरोपातून एक तपासनीस बाई आल्या. बारीक केस कापलेल्या, मितभाषी, पायात आमच्यासारखेच लोखंडी टोकाचे बूट. चुकांच्या चिठ्ठ्या टाकायला मयेकरांनी ठेवलेली हिरवी पेटी त्यांनी उघडली. आत काही नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, एवढी माणसं काम करतात आणि एकाच्याही हातून काही चुकत नाही? मग तुम्ही एक तर देव आहात, नाही तर घाबरलेले. मी पुन्हा येईन. तेव्हाही हेच दिसलं, तर मान्यता राहणार नाही.

मान्यता गेली म्हणजे युरोपची विमानं गेली. विमानं गेली म्हणजे हँगरमधली निम्मी माणसं गेली, कारण इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की बॅगा भरायच्या. पोरं चूक सांगायला का घाबरतात याचंही कारण हेच होतं. कंपनीचे मालक खल्फानसाहेब, त्यांना सगळे अर्बाब म्हणतात. अर्बाबच्या सहीचा कागद भिंतीवर लावलेला होता, प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही म्हणून. पण कागदावर भरवसा ठेवून घरचं बुडवणार कोण?

मयेकर पेटले! पोस्टर लावले, भाषणं केली, हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या अरबीत. स्वतःच्या हाताने शिरा करून आणला. "शिरा खा आणि चूक द्या!" शिरा संपला आणि पेटी रिकामीच राहिली. तेव्हा श्रीवर्धनचा सलीम, आमचा सगळ्यात चलाख मेकॅनिक, कँटीनमध्ये सगळ्यांना म्हणाला, "मयेकरसाहेबांची इज्जत जातेय यार. कायतरी करू या."

दुसऱ्या दिवशी पेटी ओसंडून वाहत होती. मयेकर धावत माझ्या खिडकीशी आले. "शिल्पाताई! आल्या! चुका आल्या!" आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठ्या उघडल्या. पहिलीत लिहिलं होतं, 'माझ्या हातून चहा सांडला.' दुसरीत चहा सांडला होता. तिसरीतही. पुढे एकाच्या हातून कॉफी सांडली तेव्हा आम्हाला जरा हायसं वाटलं. एकाने तर चूक वगैरे न सांगता सरळ विनंतीच केली होती की मयेकरसाहेब मनाने फार चांगले आहेत, त्यांना नापास करू नये.

मयेकरांनी चिठ्ठ्यांचा ढीग सारखा केला. "एवढा चहा तर आपल्या कँटीनमध्ये होतच नाही हो," एवढंच म्हणाले. मग हसायला लागले, मीही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले ते मी पाहिलं. पोरांनी जीव लावला होता, विश्वास मात्र ठेवला नव्हता.

बाई परत आल्या त्या दिवशी हँगर नव्या नवरीसारखा सजला होता. पाहुणे यायचे म्हणून आपण घरातला पसारा कपाटात कोंबतो ना, अगदी तसं. फरशीत तोंड दिसत होतं. बाईंनी ज्याला त्याला विचारलं, या आठवड्यात काय चुकलं? ज्याने त्याने छाती काढून सांगितलं, "नो प्रॉब्लेम, मॅडम! ऑल गुड!" प्रत्येक 'नो प्रॉब्लेम'ला मयेकरांचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. बाहेर एक युरोपचं विमान काम पूर्ण होऊन निघायच्या तयारीत उभं होतं.

आणि तेवढ्यात सलीम आला. पळतच आला. तोंड पांढरं पडलेलं. बाई, मयेकर, हँगर मॅनेजर आणि मी, सगळे तिथेच होतो.

"साहेब, माझ्याकडून चूक झालीय. खरी. चहाची नाय."

आमच्याकडे हत्यारांच्या पेटीत प्रत्येक हत्यारासाठी त्याच्याच आकाराची खोबण असते. खोबण रिकामी दिसली, की काहीतरी विमानात राहिलं हे लगेच कळतं. पण जुन्या पेट्या कळकट दिसत होत्या. बाईंसमोर बरं दिसावं म्हणून सलीमने आदल्या दिवशी हत्यारं नव्या कोऱ्या पेट्यांमध्ये मांडली होती. नव्या पेटीला खोबणीच नव्हत्या! सगळं कसं चकचकीत, आणि एक बोटभर टॉर्च गायब आहे हे आत्ता एकेक हत्यार मोजेपर्यंत त्यालाही दिसलं नव्हतं. "विमानात राहिला असंल, साहेब. पंखात. मी तिथंच काम करत होतो."

हँगर मॅनेजरचा आवाज छतापर्यंत गेला. "खलास! आज रात का टिकट निकालो इसका!"

आणि मयेकर? मयेकरांनी सलीमला मिठी मारली! भर हँगरमध्ये, तेलकट कपड्यांसकट! "मिळाली! अरे, मिळाली! यल्ला, चला, विमान थांबवा!"

विमान थांबलं. पंखाच्या मागच्या झडपांची झाकणं उघडली. आम्ही सगळे पंखाखाली, माना वर करून उभे. टॉर्च मिळाला तो अशा जागी, की उडताना झडप फिरली असती आणि तिथेच अडकली असती.

तोवर खल्फानसाहेब आले, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, कपाळावर आठी. हँगर मॅनेजरने सगळं सांगून झाल्यावर मागणी केली, "याला काढा, सर, नाहीतर उद्या कोणीही काहीही विसरेल." सलीम जमिनीकडे बघत होता. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मयेकरांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, सांगितलं तर शिक्षा नाही, असा शब्द मी या पोरांना तुमच्या सहीच्या भरवशावर दिलाय. हा गेला तर माझंही घ्या. आणि यापुढे टॉर्च राहिला तर कुणी सांगणार नाही. तुम्हाला ते विमान पडल्यावर कळेल."

बाई काही लिहीत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. खल्फानसाहेब भिंतीवरच्या कागदापाशी गेले, स्वतःची सही वाचल्यासारखी वाचली आणि परत आले. सलीमच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आभार मानले, "शुक्रन." मग हँगर मॅनेजरकडे वळून म्हणाले, "पहले पुराना पेटी वापस लाओ."

टाळ्या! अहो, कसल्या टाळ्या! मी तर शिट्टी वाजवली, या वयात! आणि मग काय विचारता? दुपारपासून मयेकरांच्या दारात रांग. कुणाला मापाच्या पान्यावरचे आकडे पुसट दिसत होते, कुणी उन्हात काम करताना भोवळ येऊनही बोलला नव्हता, कुणाला इंग्रजी सूचना नीट कळतच नव्हत्या आणि तो शेजाऱ्याचं बघून करत होता. बाईंनी आमच्या पुष्कळ उणिवा काढल्या, पण मान्यता ठेवली. जाताना त्या प्रथमच हसल्या.

घरी येताना मी गाडीत अखंड बडबडत होते. इमारतीखाली गाडी थांबली तेव्हा लक्षात आलं की मयेकर सबंध रस्ता एक शब्द बोलले नव्हते.

"काय झालं हो? आज तर पेढे वाटायचा दिवस!"

"सलीम पळत आला, शिल्पाताई. बघितलंत ना? माझ्याकडे पळत आला." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढलाच नाही. "माझी मुलगी नाही आली कधी."

मग त्यांनी सांगितलं. मानसीचा घटस्फोट होऊन गेला होता आणि घरात फक्त यांनाच माहीत नव्हतं. इथल्याच सोहार शहरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी यांचा हात हातात घेऊन सांत्वन केलं, तेव्हा यांनी विचारलं, कशाबद्दल? त्या गृहस्थांची मेहुणी पुण्याला मानसीच्या शेजारी राहत होती. मायलेकी मात्र वर्षभर रोज फोनवर सांगत होत्या, इकडे मजेत आहे.

"चिडलो नाही मी. आठवलं. बारावीला गणितात मार्क कमी पडले, तर मी इथून दोन महिने तिच्याशी बोललो नव्हतो. मग ती कशाला सांगेल? हे सगळं कळल्यावर थोड्याच दिवसांत सेफ्टीचं काम निघालं, म्हणून मी हात वर केला."

"आता बोललात का तिच्याशी?"

"तिला वाटतं, मला अजून माहीत नाही. मीही विचारत नाही. ती म्हणते मजेत, मी म्हणतो मजेत."

मला राहवलंच नाही. "मयेकर, सबंध हँगरला भाषणं देता! लावा फोन. आत्ता. मी बसते इथे."

त्यांनी लावला. फोन गाडीला जोडलेला, घंटी सगळ्या गाडीत घुमली. "बाबा? या वेळी? बरं वाटतंय ना?"

"मानसी, मला एक चूक सांगायचीय. माझी. मला सगळं कळलंय, बाळा. आधीच कळलंय. तू सांगितलं नाहीस ही तुझी चूक नाही. सांगावंसं वाटेल असा बाप मी झालो नाही. ही माझी."

मयेकरांनी गाडीतला एसी बंद केला.

"आणि मी मजेत वगैरे नाहीये. मला फार एकटं वाटतं गं इथे."

"मलाही, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. रडता रडता ती सांगायला लागली, अगदी पहिल्या दिवसापासून.

मी हळूच दार उघडून उतरले. जिन्यापाशी पोचून मागे बघितलं. मयेकर मध्ये काही विचारत नव्हते, समजावत नव्हते. डोळे मिटून नुसते ऐकत होते.