सौमित्र साळिंदर मातीकडे परततो

बाळांनो, सरकून बसा. मोबाईल खाली ठेवा. हं.

एका जंगलात प्राण्यांचं एक गाव होतं. तिथे यसूआत्या नावाची म्हातारी साळिंदरीण राहायची. तिचं भुईमुगाचं एक शेत होतं. त्या शेंगांवरच तिचं वर्ष निघायचं. शेजारी तिच्या वारलेल्या भावाचं शेत होतं.

भावाचा मुलगा सौमित्र शहरातल्या प्राणिसंग्रहालयात होता. पिंजऱ्यात पंखा, दोन वेळचं जेवण, रविवारी टाळ्या. एक दिवस त्याला एकदम मातीची ओढ लागली. पोट भरलं की अशी ओढ लागते, मी पाहिलंय. तो गावी आला, तो चारही पायांत गमबूट घालून.

"आत्या, आता मी इथेच राबणार!"

"ये रे माझ्या सोन्या," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले. खरंच आले, हसू नका.

त्या गावात सावडीची रीत होती. आज सगळ्यांनी मिळून माझं शेत खुरपायचं, उद्या तुझं. नव्या गड्यासाठी कुणीतरी शब्द द्यायचा. गड्याने दांडी मारली, तर शब्द देणाऱ्याने त्याचंही काम उरकायचं. सौमित्रसाठी आत्याने शब्द दिला.

पेरणी झाली, पीक वर आलं, पाठोपाठ तण माजलं. पहिली पाळी सौमित्रला मिळाली. मंडळींनी दुपारपर्यंत त्याचं शेत लख्ख केलं. तो बांधावरून फोटो काढत होता.

दुसऱ्या दिवशी रखमाजी अस्वल त्याला बोलवायला आला.

"चल गड्या, आज माझ्याकडे. खुरपं घे."

"काका, आज माझं भाषण आहे. 'मातीत हात घालताना.' पण हे ठेवा." सौमित्रने एक कागद पुढे केला. आभारपत्र होतं, खाली त्याची झोकदार सही.

रखमाजीने कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यानं गवत उपटतं का रे?"

"भावना समजून घ्या हो, काका."

रखमाजी आत्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आत्याने खुरपं उचललं.

असे पाच दिवस गेले. आत्या आपल्या वाट्याची पात खुरपून संपवायची, मग सौमित्रची. कंबर धरून घरी यायची. सातवी पाळी तिची स्वतःची होती.

आदल्या संध्याकाळी सौमित्र आला. "आत्या, परवा माझं शेत बघायला किताब देणारी समिती येणार आहे. थोडं गवत पुन्हा वर आलंय. उद्याची पाळी मला दे ना."

"अरे, माझं शेत तण खातंय."

"एका दिवसाने काय होतंय गं?"

सोन्याच तो. आत्याने पाळी दिली.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी सौमित्रचं शेत पुन्हा लख्ख केलं, आणि त्या रात्रीपासून पावसाने आठ दिवस झड लावली. शेतात पाय ठेवता येईना. आत्याचा भुईमूग गवतात गडप झाला.

उघडीप पडल्यावर समिती आली. सौमित्रला 'आदर्श भूमिपुत्र' हा किताब मिळाला. मंडपात मोठा फलक लागला. त्यावर दोन शेतांचे फोटो. 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर' म्हणजे सौमित्रचं शेत.

'आधी' म्हणजे आत्याचं.

"आत्या, तुझं शेत होतं म्हणून फरक उठून दिसला बघ!" सौमित्र गहिवरून म्हणाला.

"बरं झालं बाबा. आता वर्षभर मी खाऊ काय, तेवढं सांग."

पण तोवर त्याच्या हातात माईक आला होता.

तात्पर्य : मातीची ओढ लागली की गावी जरूर परतावं. फक्त त्या मातीत राबणारी एखादी आत्या तिथे आधीपासून आहे ना, एवढं विचारून निघावं.