सकाळच्या मुहूर्ताची सनई

"माझ्या मालनच्या लग्नात सनई वाजेल ती माझीच," असं चांगदेवनं साखरपुड्यातच सगळ्यांना ऐकवलं. माजिवड्यापासून कल्याणपर्यंत परक्यांच्या कितीतरी मुली त्यानं सनई वाजवून सासरी धाडल्या होत्या. मग स्वतःच्या लेकीला तशीच कशी जाऊ देणार?

घोटाळा एवढाच, की तो जन्मभर वाजवत आला तो गोरज मुहूर्तावर. आणि डोंबिवलीचा हॉल मिळाला सकाळचा.

शेजारचे डॉक्टर श्रीपाद म्हणाले, "जपा हं, चांगदेवराव. सनईची पत्ती भिजायला लाळ लागते, आणि लाळेच्या ग्रंथींनाही वेळकाळ असतो. तुम्ही रात्री जागणारे. सकाळी नसांनी निरोप धाडला तरी तुमच्या ग्रंथी कूस बदलून झोपतील. संध्याकाळी त्याच निरोपाला धावत येतील."

"लेकीच्या लग्नात त्यांना रजा नाही, डॉक्टर."

लग्नाच्या सकाळी चांगदेवनं सनईची पत्ती भिजवायला तोंडात धरली. तोंड कसलं, गच्चीवर वाळत घातलेला पापड! फुंकर मारली तर रिक्षा सुरू होता होता बंद पडावी तसा आवाज आला. पाणी प्यायला, पण ओल घोटाबरोबर पोटात गेली.

मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं, म्हणून त्याची बायको कलावती मांडवाकडे पाठ करून नेमकी त्याच्यासमोर बसली होती. तिनं पिशवीतून हिरवी चिंच काढली, मीठ लावलं आणि चोखायला लागली.

"सुटलं का पाणी?"

"नाही गं."

"मग अजून खाते."

पाणी सुटलं ते शेजारी साथीच्या सनईवर सूर धरून बसलेल्या महिपतला. त्याचा सूर पाणी येताना नळ गुळगुळतो तसा गुळगुळायला लागला.

"वहिनी, तिकडे तोंड करा ना."

"तुम्ही डोळे मिटा, भावोजी."

त्यानं मिटले. पण मिटक्या कानाला ऐकू येतच होत्या. पहिल्या रांगेतल्या बायकांनी हात पुढे केले. चिंच रांगेतून फिरली. ऐन मंगलाष्टकात भटजी आवंढा गिळायला थांबले. सगळा हॉल गिळत होता, कोरडा एकटा मुलीचा बाप.

मालननं अंतरपाटाआडून बापाकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. राहू दे, बाबा. मग कुणीतरी कॅसेट लावली आणि दुसऱ्याच कुणाच्या सनईवर अक्षता पडल्या. चांगदेव आपली सनई छातीशी धरून उभा राहिला.

जेवणं झाली. मालन रडत सासरी, मोहन्याला गेली. उन्हं कलली, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली आणि चांगदेवचं तोंड पाण्यानं भरून आलं. त्यानं पत्ती ओठांत धरली आणि पाठवणीची धून वाजवली. इतकी सुरेल सनई त्यानं कुणाच्याच मुलीसाठी वाजवली नव्हती.

मोरीपाशी भांडी घासणारी ठमाबाई हात थांबवून ऐकत राहिली.

"छान वाजवता हो. नवरी कुठाय?"

"गेली."

"मग कुणासाठी वाजवताय?"

चांगदेवनं सनई खाली घेतली.

"बरं, थांबू नका," ठमाबाई म्हणाली. "अजून मोठी पातेली राहिलीत."