देवेशची एर्नी

नूतनने चहाचा कप देवेशपुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "रविवारी हरलो ना, तर पुढच्या वेळेपासून मी पीयूषभाऊजींबरोबर खेळणार. जागृतीशी बोललेय मी. गुडघ्यामुळे तिला खेळणं सोडायचंच आहे."

देवेशने उचललेला कप परत खाली ठेवला. पीयूष त्याचा चुलतभाऊ, जागृती पीयूषची खेळातली जोडीदार. पीयूष राहायला झरीला, आणि लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत याच्यापुढे. बोअरिंग आधी त्याने मारली, गाडी आधी त्याने घेतली, आणि आता नूतनही त्याच्याच बाजूला उभी राहणार, निदान पिकलबॉलपुरती! पिकलबॉल म्हणजे नेटवरून बॅटने चेंडू मारायचा खेळ, टेनिसचा धाकटा भाऊ. डहाणूच्या कोर्टावर नूतन नुसती तुटून पडायची आणि देवेश तिच्या पायात यायचा. "तुम्ही मधे येता," एवढीच तिची तक्रार होती, पण ती प्रत्येक पराभवानंतर असायची.

अशा हवालदिल अवस्थेत मोबाईल चाळताना त्याला एर्नी नावाची पिकलबॉलमधली चाल सापडली. नेटला लागून दोन्ही बाजूंना एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही, हा नियम. एर्नी मारणारा मात्र पट्ट्याच्या कोपऱ्यावरून उडी घेतो, कोर्टाबाहेर उतरतो आणि उतरता उतरता नेटजवळच चेंडू ठोकतो. समोरचा आ वासून बघत राहतो. आ वासलेला पीयूष देवेशला लगेच डोळ्यांपुढे दिसला.

नूतन शाळेत शिकवायला गेली की आशागडच्या घरामागच्या खळ्यावर त्याचा गुपचूप सराव सुरू व्हायचा. पण पाय दर खेपेला पट्ट्यातच पडायचा. चुन्याच्या रेघेला तो मुळीच भीक घालत नव्हता. शेवटी देवेशने डोकं चालवलं. धुतलेले चिकू खळ्यावर सुकायला पसरायचेच असतात, ते त्याने नेमके पट्ट्यावर पसरले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागायतदाराचा पाय काही झालं तरी चिकूवर पडणं शक्य नव्हतं.

पडला नाहीच. तो पलीकडच्या दगडावर आपटला. आरडाओरडा ऐकून तात्या, म्हणजे देवेशचे वडील, काठी आपटत आले.

"माल तुडवलास काय रे?"

"तात्या, एकपण चिकू फुटलेला नाय!"

"मग बोंबलतोस कशाला?"

सगळी हकिकत ऐकून मात्र तात्यांना चेव चढला. पीयूषच्या बापाशी त्यांचाही जुना हिशेब होता. त्यांनी उतरायच्या जागी पेंढ्याचा ढीग घालायला लावला आणि खुर्ची टाकून ते चेंडू फेकू लागले. चेंडू फुटला तेव्हा पाखरांनी टोचलेले चिकू फेकू लागले. देवेश उडायचा, मारायचा आणि धपकन पेंढ्यात बसायचा. ते बसणं त्याला फार आवडू लागलं.

"शर्टाला हे चिकाचे डाग कसले?" नूतनने विचारलं.

"बागेत काम केलं."

"तुम्ही?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. देवेशने मान खाली घालून भात कालवला.

रविवारी समोर पीयूष आणि जागृतीच होते. देवेश पहिल्या चेंडूपासून कडेची रेघ धरून उभा होता. एर्नीसाठी चेंडू त्याच्या कडेने यायला हवा होता आणि पीयूष नेमका तिथे तो देत नव्हता.

"काय भाई, आज लाईन सोडत नाहीस?" पीयूष हसला.

दहा-नऊ. सर्व्हिस नूतनची, एक गुण मिळाला की सामना खिशात. चेंडू नेटवरून हळूहळू इकडून तिकडे जात राहिला. नूतनचा श्वास देवेशला ऐकू येत होता. हरलो तर ती पलीकडे जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. इतक्यात पीयूषची बॅट कडेला वळल्यासारखी वाटली. पट्ट्यावर चिकू पसरलेत असं मनाशी म्हणत देवेशने झेप घेतली.

उडी झकास होती. पाय पट्ट्याला लागला नाही. फक्त चेंडू अजून पीयूषकडेच होता. आणि बाहेर उतरल्यावर सवयीने देवेश ऐसपैस खाली बसला. इथे पेंढा नव्हता. धप्प आवाज पार फाटकापर्यंत गेला.

पीयूषने आ वासला, अगदी देवेशने मनात पाहिला होता तसाच. त्याच्या हातून चेंडू उंच उडून कोर्टाच्या मधोमध आला. एरवी तिथे देवेश असायचा. आज तिथे कुणीच नव्हतं. नूतनने दोन पावलं टाकली आणि चेंडू असा हाणला की जागृतीने अंग चोरलं. अकरा-नऊ.

"पेंढा आणायचा राहिला रे!" बाहेरून तात्या हळहळले.

नूतन देवेशजवळ आली. तो अजून सिमेंटवरच बसला होता, उठण्याचं धाडस होत नव्हतं.

"मग... पुढच्या वेळी पीयूषबरोबर?" त्याने कसंबसं विचारलं.

"छे हो! तुमच्याबरोबरच," तिने हात पुढे केला. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "फक्त उडी अजून थोडी लवकर मारत जा."