रावसाहेब गव्याचं लेथघर

एका जंगलात, जिथे साग-ऐनाच्या झाडांत पत्र्याची एक शेडही होती, तिथे धोंडबा नावाचं अस्वल राहत होतं. बसा मुलांनो. घाई नाही.

धोंडबाकडे एक जुना लेथ होता. लोखंडाची कांब त्यात धरायची. लेथ ती गरगर फिरवतो. पुढून धारदार हत्यार लावलं की कांब हवी तशी गोल कातली जाते आणि खाली लोखंडाचा कीस पडतो. कोणाच्या रहाटाचा कणा, कोणाच्या चाकाची आस, सगळं धोंडबा कातून द्यायचा.

वापरून वापरून लेथ एका जागी झिजला होता. तिथे काम आलं की धोंडबा हत्याराखाली विडीच्या बंडलाचा कागद दुमडून घालायचा. मग माप केसभरही चुकत नसे.

शेजारी ठकूआत्या राहायची. म्हातारी वानरीण. तिचा एक पाय फासात गेला होता. चार चाकांच्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत, ती रोज ओढ्यावर जायची. कोणी उचलून नेलेलं तिला खपत नसे. वर्षाकाठी आस झिजायची. धोंडबा नवी करून द्यायचा.

एके दिवशी रावसाहेब गवा आला. त्याला जुने लेथ जमवायचा नाद. जंगलातले सहा त्याच्याकडे होते. हा सातवा, शेवटचा.

"अहो, एवढी जुनी वस्तू," तो म्हणाला, "आणि तुम्ही तिच्यावर काम करता?"

"मग काय करू?"

"जपा. नाहीतर मला द्या. जन्मला तेव्हा होता तसा करून ठेवतो. तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन चालवा."

धोंडबाने विचार केला. आपले हात आता कापतात. आपल्यामागे याला तेल कोण घालील? त्याने लेथाला तेल घातलं, फडक्याने पुसला आणि देऊन टाकला.

गव्याचे कारागीर मोर होते. त्यांनी लेथ घासला. कागद कचरा म्हणून फेकला. झिजलेली जागा रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली. मग अंगभर हिरवा रंग दिला. ज्या गुळगुळीत पट्ट्यांवरून हत्यार सरकतं, त्या पट्ट्यांनाही दिला. दोन-दोन हात. लेथ इतका देखणा दिसू लागला की लेथघराच्या उद्घाटनाला आलेली हरणं रडली.

चैत्रात ओढ्याच्या वाटेवर आत्याची आस मोडली. धोंडबाने तिला पाठीवर घेतलं, फळी काखेत मारली.

"नीट चाल," आत्या म्हणाली. "आणि कोणी बघितलं तर सांग, मी तुला वाट दाखवते आहे."

दोघं लेथघरात आले.

"रावसाहेब, अर्ध्या तासाचं काम आहे," धोंडबा म्हणाला.

गवा मोठ्या मनाचा. "शब्द दिला होता. चालवा. फक्त कीस पाडू नका."

"कीस न पाडता कातायचं कसं?"

"ते तुमचं कसब."

"रावसाहेब," आत्या म्हणाली, "तुम्ही चरता तेव्हा गवत तुटत नाही वाटतं?"

धोंडबाने मूठ फिरवली. हत्यार हलेना. रंगाने सगळं धरून ठेवलं होतं.

"सरकत नाही," तो हळूच म्हणाला.

"आता कशाला सरकेल? पोचला ना मुक्कामाला," गवा म्हणाला. मग त्याची नजर मोडक्या फळीवर गेली. "ही आस याच लेथवरची?"

"हो. माझ्या हातची."

गव्याचे डोळे भरून आले. "मग हिची जागा इथेच. लेथशेजारी."

"आणि मी ओढ्यावर कशी जाऊ?" आत्याने विचारलं.

गव्याने बराच वेळ विचार केला. "तुम्हीही इथेच बसा. पाणी आणून देऊ. धोंडबा, तुम्हीसुद्धा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जंगलात चालता लेथ आता एकही नव्हता. दोघं बसली.

अजून बसलेली आहेत. काचेच्या आत. आत्याला पाणी वेळेवर मिळतं. काचेतून ओढा दिसतो, तिकडे ती बघत असते. दर सोमवारी मोर येतात आणि लेथ पुसता पुसता त्या दोघांवरूनही फडकं फिरवून जातात.

तात्पर्य: चालती वस्तू नुसती जुनी असते. बंद पडली की मोलाची होते. तेव्हा मुलांनो, म्हातारपणी आपल्याला कोणी जपावं असं वाटत असेल, तर आतापासूनच कोणाच्या उपयोगी पडू नका.