गाडीची धुरी

संपतला करोनाची भीती नव्हती, सासूबाईंची होती. संध्याकाळी धायरीला त्यांच्या घरी संपतच्या पहिल्या लेकीचं बारसं होतं. नाव आत्याने शेवटपर्यंत गुपित ठेवलं होतं आणि ते ऐकायला तो आसुसला होता. पण गोदाबाईंनी फोनवर बजावलं, "जावई, तुमच्या कॅबमध्ये कोण कोण बसतं देव जाणे. एकदा जरी खोकलात, तर उंबऱ्याबाहेर. लेकीचं नाव रस्त्यावरून ऐका."

म्हणून त्याने सीटच्या मागे जाड प्लॅस्टिकचा पडदा लावला. पण पुण्यातला प्रवासी मोबाइलच्या नकाशावर थोडाच विश्वास ठेवणार? पडद्यातून आवाज जात नाही म्हणून जो तो पडदा उचलून संपतच्या कानाशी रस्ता सांगायचा. मंडईपाशी गाडीत बसलेल्या श्रीनिवासरावांनी तर कमाल केली. पडदा उचलून डावं-उजवं सांगताना शिंक आली, तसा त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, थेट संपतच्या मानेवर शिंकले आणि मास्क पुन्हा नीट चढवला.

"अहो काका, मास्क असतो कशाला?"

"सकाळीच धुतलाय," श्रीनिवासराव म्हणाले. "पुढून डावीकडे घ्या."

संपतची पाचावर धारण बसली. शिंकेचा विषय टाळून त्याने गोदाबाईंना फोनवर गाडी शुद्ध करायचा उपाय विचारला. त्यांनी कापूर आणि ओव्याची धुरी सांगितली. कणीसवाल्याकडून डब्यात निखारे घेतल्यावर संपतला वाटलं, एवीतेवी धूर करायचाच आहे तर गाडीची दृष्टही काढून घेऊ. त्याने कापूर-ओव्याबरोबर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या आणि आत बसून काचा लावून घेतल्या.

विषाणूंचं काय झालं कोण जाणे, संपत मात्र खोकून अर्धमेला झाला. पुढची दोन गिऱ्हाइकं त्याचा खोकला ऐकूनच पळाली. त्यातल्या एका बाईंनी जाता जाता दाराचं हँडल पुसलं.

संध्याकाळी तो तोंड घट्ट मिटून उंबऱ्याशी आला आणि तिथेच ठसका लागला.

"मिरचीचा आहे, आई."

"सगळे असंच म्हणतात," गोदाबाई म्हणाल्या. खात्री करायला त्या तरातरा गाडीपाशी गेल्या, मास्क खाली घेतला, आत डोकं घातलं आणि दीर्घ श्वास घेतला.

त्यांचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत गेला. संपतची बायको राधा दारात आली. "आई, नियम तूच केलायस," म्हणाली आणि तिने दार लोटलं.

आत पाळणा सुरू झाला. गाडीत पुढे जावई, मागे सासू, मध्ये पडदा. संपत खिडकीला कान लावून बसला होता. घरातून नाव आलं, त्याच क्षणी मागे गोदाबाईंना जोराची उबळ आली. संपतने मात्र ते नीट ऐकलं आणि त्याला अगदी भरून आलं.

गोदाबाईंनी पडदा उचलला आणि मास्क हनुवटीवर तसाच ठेवून त्याच्या कानाशी तोंड नेलं. "काय ठेवलं हो नाव? मला ऐकूच आलं नाही."

"आधी मास्क वर घ्या," संपत समोर बघत म्हणाला. "मग सांगतो."